लेखी प्रश्न: सरकारला कागदावर उत्तर द्यायला लावायची रीत

मलकपेठचा कांदा, बाभळीचं पाणी आणि जिवतीची गावं: कोणता प्रश्न कोणत्या सभागृहात विचारायचा?

हैदराबादच्या मलकपेठमधला कांदा बाजार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना नवा नाही. सोलापूर, अहिल्यानगर, नाशिककडच्या कांद्याचे ट्रक तिथे वर्षानुवर्षं उतरतात. समजा, अशाच एका शेतकऱ्याच्या तीन तक्रारी आहेत. बाजारात हमाली-तोलाईच्या नावाने पट्टीत जास्त पैसे कापले, ही पहिली. केंद्राने निर्यात बंद केल्यावर भाव पडला, ही दुसरी. महाराष्ट्र सरकारने कांद्याला अनुदान दिलं, पण माल मलकपेठला विकल्यामुळे आपल्याला ते मिळालं नाही, ही तिसरी.

कांदा एकच, शेतकरीही एकच. तरी या तीन तक्रारींची उत्तरं तीन वेगवेगळी सरकारं देतात. बाजार हा राज्याचा विषय आहे, म्हणून मलकपेठच्या पट्टीचं उत्तर हैदराबादच्या विधानसभेत मागायचं. निर्यातीचा निर्णय केंद्राचा, त्याचं उत्तर दिल्लीला. अनुदान महाराष्ट्राचं, त्याचं उत्तर मुंबई किंवा नागपूरच्या अधिवेशनात. प्रश्न चुकीच्या दारात गेला, की 'हा आमचा विषय नाही' एवढंच ऐकून परत यावं लागतं. सीमेवरच्या माणसाला हे वाक्य पाठ झालेलं असतं.

आमदार-खासदारांच्या हातात यावर एक साधं पण धारदार हत्यार आहे. ते म्हणजे लेखी प्रश्न. सभागृहातला गोंधळ टीव्हीवर दिसतो, लेखी प्रश्न दिसत नाही. पण मंत्र्याच्या नावाने छापलेलं उत्तर एकदा पटलावर आलं, की ते सरकारला नंतर नाकारता येत नाही.

तारांकित आणि अतारांकित

प्रश्नांचे मुख्य दोन प्रकार आहेत. ज्याला तोंडी उत्तर हवं तो तारांकित प्रश्न. यादीत त्याच्यापुढे तारा छापलेला असतो, म्हणून हे नाव. मंत्र्याने उत्तर दिल्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. दुसरा अतारांकित. त्याचं उत्तर लेखी येतं आणि त्यावर उपप्रश्न नसतो. याशिवाय तातडीच्या बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. राज्यसभेत हे आकडे १५ आणि १६० आहेत. प्रश्नोत्तराचा तास एकच असल्याने २० तारांकितांपैकी थोडेच प्रत्यक्ष चर्चेला येतात. उरलेल्यांची उत्तरं लेखीच मिळतात. म्हणजे संसदेत सरकार जी उत्तरं देतं, त्यातली बहुतेक कागदावरच असतात.

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसाच्या यादीत एका खासदाराचे जास्तीत जास्त पाच प्रश्न येऊ शकतात, त्यात तारांकित एकच. सूचना जास्त आल्या की क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. मंत्रालयांना आठवड्याचे वार वाटून दिलेले असतात, त्यामुळे रेल्वेचा प्रश्न रेल्वेच्याच वारी लागतो. प्रश्न स्वीकारायचा की नाही, हे अध्यक्ष ठरवतात.

प्रश्न कसा असावा याचेही नियम आहेत. तो साधारण १५० शब्दांच्या आत हवा. त्यात वाद घालायचा नाही, टोमणा मारायचा नाही, निष्कर्ष काढून मोकळं व्हायचं नाही. कोर्टात चालू असलेल्या बाबी टाळायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विषय त्या सरकारच्या अखत्यारीतला असला पाहिजे.

'हे खरे आहे काय?'

महाराष्ट्र विधिमंडळातल्या प्रश्नांचा साचा वाचकांच्या ओळखीचा असेल. आधी 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' भाषा सरकारी वाटते, पण या साच्यात शहाणपण आहे. पहिल्या भागात घटना मान्य करून घ्यायची, दुसऱ्यात कारवाई विचारायची आणि तिसऱ्यात पळवाट बंद करायची.

मलकपेठच्या शेतकऱ्याची तिसरी तक्रार घेऊ. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. ते राज्यातल्या बाजारांत झालेल्या विक्रीसाठी होतं. यावर 'कांदा उत्पादकांवर अन्याय का केला?' असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं येईल: 'शासन शेतकऱ्यांच्या हितासाठी कटिबद्ध आहे.' हाती काहीच लागणार नाही.

तोच प्रश्न असाही विचारता येतो: (१) राज्यातल्या शेतकऱ्यांनी परराज्यातल्या बाजारांत विकलेला कांदा अनुदानातून वगळला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यामुळे किती अर्ज नामंजूर झाले, जिल्हानिहाय संख्या काय, (३) अशा शेतकऱ्यांसाठी वेगळा निर्णय घेण्याचा प्रस्ताव आहे काय, (४) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?

आता आकडा द्यावा लागतो, नाहीतर आकडा नाही असं लिहून द्यावं लागतं. 'प्रस्ताव नाही' असं उत्तर आलं, तर निदान सरकारची भूमिका कळते आणि पुढच्या अधिवेशनात तिथून पुढे जाता येतं. चांगल्या प्रश्नात तारीख, ठिकाण, योजनेचं नाव आणि शासन निर्णयाचा क्रमांक असतो. जितका तपशील जास्त, तितकी निसटायला जागा कमी.

दुसऱ्या तक्रारीचंही तसंच. केंद्राने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. यावर मुंबईत कितीही आवाज उठवला, तरी 'केंद्राला विनंती केली आहे' यापलीकडे उत्तर येऊ शकत नाही. हा प्रश्न दिल्लीचा.

आणि पहिल्या तक्रारीसाठी, म्हणजे मलकपेठच्या पट्टीसाठी, तेलंगणाचा आमदार गाठावा लागतो. मलकपेठ हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ आहे. एमआयएमचे अहमद बिन अब्दुल्ला बलाला २००९ पासून तिथून निवडून येत आहेत. पण प्रश्न त्यांनीच विचारला पाहिजे असं नाही. तेलंगणा विधानसभेत ११९ सदस्य आहेत, त्यातला कोणीही तेलंगणातल्या बाजाराबद्दल विचारू शकतो. शेतकरी तिथला मतदार नसला तरी चालतं. बाजार तिथला आहे, एवढं पुरे.

टिळकांच्या काळापासून

प्रश्न विचारायचा हक्क भारतीयांना १८९२ च्या कौन्सिल कायद्याने मिळाला, तोही हात राखून. सभासदाने प्रश्न विचारायचा, सरकारने छापील उत्तर वाचायचं, विषय संपला. उपप्रश्नाला परवानगी नव्हती. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात गेले, पुढे गोपाळ कृष्ण गोखलेही गेले. त्यांना याच चौकटीत काम करावं लागलं. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारायची मुभा मिळाली ती १९०९ च्या सुधारणांनंतर.

मराठवाड्याची वाट वेगळी होती. तो निजामाच्या राज्यात होता. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ मध्ये, हैदराबाद राज्याची १७५ सदस्यांची विधानसभा अस्तित्वात आली. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबादचे आमदार तेव्हा हैदराबादेतच बसायचे. मलकपेठचा आमदार आणि नांदेडचा आमदार एकाच सरकारला प्रश्न विचारत होते.

त्या सभागृहाचे विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी भाषक होते आणि निवडून आले होते तेलंगणातल्या इप्पागुडा मतदारसंघातून. पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे ते नेते. मराठी माणसाने तेलुगू मुलखाच्या वतीने बुर्गुला रामकृष्ण राव यांच्या सरकारला जाब विचारायचा, यात तेव्हा कोणाला नवल वाटत नसे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची वाटणी झाली आणि एका सभागृहाचे प्रश्न तीन राज्यांत विभागले गेले. आज सीमेवर जी टोलवाटोलवी दिसते, तिची एक मुळी तिथवर जाते.

प्रश्नाने काय होतं?

एका प्रश्नाने सरकार पडत नाही. पण चुकीचं किंवा अर्धवट उत्तर सरकारला महागात पडू शकतं. याचं जुनं उदाहरण १९५७ चं मुंदडा प्रकरण. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. लोकसभेत त्यावर प्रश्न आले, सरकारने जपून उत्तरं दिली. त्या उत्तरांतल्या फटी धरून फिरोज गांधी यांनी १६ डिसेंबर १९५७ रोजी सभागृहात विषय लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

सीमेवरच्या जिल्ह्यातलं उदाहरण चंद्रपूरचं. तिथले तेव्हाचे खासदार हंसराज अहीर यांनी कोळसा खाणपट्ट्यांच्या वाटपाचा विषय लावून धरला. संसदेपुरतं न थांबता त्यांनी केंद्रीय दक्षता आयोगाकडेही तक्रार नेली. त्यांच्या आणि प्रकाश जावडेकर यांच्या तक्रारींवरून आयोगाने २०१२ मध्ये प्रकरण सीबीआयकडे पाठवलं. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१४ खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं. सभागृहातलं काम आणि बाहेरचा पाठपुरावा जोडीने चालला, की विषय कुठवर जातो, हे यातून दिसतं.

तिसरं उदाहरण उत्तर कसं वाचावं याचं. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत के. सी. वेणुगोपाल यांच्या प्रश्नावर आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचं लेखी उत्तर आलं. ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याची विशेष नोंद राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी कळवलेली नाही, असा त्याचा आशय होता. देशभर संताप उसळला. डॉ. पवार नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ रोजी झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले होते.

उत्तर नीट वाचलं तर 'मृत्यू झाले नाहीत' असं त्यात म्हटलेलं नव्हतं. 'राज्यांनी कळवले नाहीत' असं म्हटलं होतं. आरोग्य राज्याचा विषय, आकडे राज्यांनी द्यायचे, असा तो युक्तिवाद होता. पण त्या एका वाक्यामुळेच नोंद ठेवायची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उघडा पडला. त्यानंतर केंद्राने राज्यांकडे या मृत्यूंची माहिती मागवली. उत्तर असमाधानकारक असलं, तरी ते कागदावर होतं, म्हणून पुढचं पाऊल पडलं.

उत्तरातल्या पळवाटा

काही वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांचा अर्थ लक्षात ठेवलेला बरा.

'हे अंशतः खरे आहे.' कोणता अंश खरा, ते पुढे लिहिलं आहे का बघायचं. नसेल तर पुढचा प्रश्न तोच.

'प्रश्न उद्भवत नाही.' पहिला भाग नाकारला की बाकीचे सगळे भाग आपोआप निकाली निघतात. म्हणून पहिला भाग नाकारता येणार नाही असा, पुराव्याला धरून लिहायचा.

'अशी माहिती ठेवली जात नाही.' १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत टाळेबंदीत दगावलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल विचारलं, तेव्हा कामगार मंत्रालयाने असंच उत्तर दिलं. त्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, फक्त लेखी उत्तरं चालू होती. माहिती नाही, हीच मग मोठी बातमी ठरली.

'माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल.' हे वाक्य मात्र सोन्याचं. संसदेच्या परंपरेत ते आश्वासन धरलं जातं. 'विचाराधीन आहे', 'तपासून पाहू' ही उत्तरंही त्याच यादीत येतात. असं आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. त्यावर लक्ष ठेवायला लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती असते.

उत्तर चुकीचं वाटलं तर सदस्य लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ते निदर्शनास आणू शकतो. उत्तरातून मोठा सार्वजनिक मुद्दा निघत असेल, तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते.

सीमेवर एक विषय, तीन सभागृहं

बाभळी बंधाऱ्याचं उदाहरण नांदेडकरांना सांगायला नको. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवरचा हा बंधारा श्रीराम सागर धरणाच्या पाणफुगवट्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं, आणि देखरेखीला तीन सदस्यांची समिती. त्यात एक केंद्रीय जल आयोगाचा आणि दोन्ही राज्यांचा एकेक.

आता शेतकऱ्याला काय विचारायचं आहे, त्यावर दार ठरतं. बंधाऱ्यातल्या पाण्यावर किती उपसा परवाने दिले, हे महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाला विचारायचं. श्रीराम सागरमध्ये त्या दिवशी किती साठा होता, हे तेलंगणाला. समितीच्या बैठका कधी झाल्या आणि काय ठरलं, हे केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाला. तिन्ही उत्तरं शेजारी ठेवली, तर कोण काय लपवतंय ते आपोआप दिसतं.

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली १४ गावं तर याहून अवघड जागी आहेत. दोन्ही राज्यं त्यांच्यावर हक्क सांगतात. तिथले लोक महाराष्ट्रात राजुऱ्यासाठी मतदान करतात आणि तेलंगणात आसिफाबादसाठी. दोन आमदार आहेत, मग कामं दुप्पट व्हावीत. पण जमिनीच्या पट्ट्यासारखा प्रश्न आला की एक सरकार दुसऱ्याकडे बोट दाखवतं. अशा ठिकाणी दोन्ही विधानसभांत, शक्यतो एकाच सुमारास, तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारले जाणं कामाचं ठरतं. दोन उत्तरांत विसंगती आली, तर तीच कोर्टात आणि दिल्लीत दाखवता येते.

यात भाषेची अडचण येते. मुंबईचं उत्तर मराठीत मिळतं. दिल्लीचं हिंदी आणि इंग्रजीत. हैदराबादचं मराठीत मिळत नाही. मलकपेठला माल नेणाऱ्याच्या पट्टीबद्दल तिथे उत्तर आलंच, तरी ते त्याच्या गावापर्यंत पोचेल याची खात्री नसते. हैदराबादेतल्या मराठी मंडळींनी, काचीगुडा-सुलतान बाजारच्या संस्थांनी आणि सीमेवरच्या पत्रकारांनी हे काम अंगावर घेण्यासारखं आहे.

प्रश्नाचा गैरवापर

हत्यार आहे म्हणजे त्याचा गैरवापरही आलाच. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. २३ डिसेंबरला लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याला काढून टाकण्यात आलं. त्यातले दोघे खानदेशातले होते. कंपन्यांची भांडणं लढायला किंवा अधिकाऱ्याला दमात घ्यायलाही प्रश्न वापरले जातात. आमदाराने प्रश्न टाकला आणि नंतर पाठपुरावाच केला नाही, हा प्रकार त्याहून जास्त घडतो. संख्येने शेकडो प्रश्न विचारणारा सदस्य चांगलाच, असं म्हणूनच मानता येत नाही. त्याने उत्तराचं पुढे काय केलं, हे पाहायला हवं.

वाचकाला काय करता येईल?

प्रश्न विचारायचा हक्क सदस्याचा आहे, पण त्याला मालमसाला मतदारानेच पुरवायचा असतो. अधिवेशन लागायच्या महिना-दीड महिना आधी आमदाराच्या किंवा खासदाराच्या कार्यालयात जावं. निवेदनात भावना थोडी आणि कागद जास्त असावेत: तारखा, पावत्या, अर्जांचे क्रमांक, आधीच्या पत्रांच्या प्रती. मलकपेठची पट्टी असेल तर तिची झेरॉक्स. विषय कोणत्या सरकारचा, हे आधी ठरवावं.

संसदेतली प्रश्नोत्तरं तिच्या संकेतस्थळावर मिळतात. महाराष्ट्रातल्या अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या छापल्या जातात. आपल्या विषयावर आधी काय उत्तर आलं होतं, ते शोधून नवीन प्रश्नात त्याचाच हवाला द्यावा. 'अमुक तारखेच्या उत्तरात दिलेल्या आश्वासनाचं काय झालं' हा प्रश्न कोणत्याही मंत्र्याला टाळायला जड जातो. उत्तरात ज्या अहवालाचा उल्लेख आहे, तो माहितीच्या अधिकारात मागता येतो.

मलकपेठच्या बाजारात कांदा उतरवणारा शेतकरी तीन सरकारांना कर देतो आणि तिघांच्या निर्णयांची झळ सोसतो. तिघांकडून उत्तर मागायचा त्याचा हक्क आहे. फक्त प्रश्न योग्य दारात, नेमक्या शब्दांत गेला पाहिजे, आणि आलेलं उत्तर फाईलमध्ये जपून ठेवलं पाहिजे. पुढच्या अधिवेशनात ते लागतं.